पाझर कोणत्या दगडाला फुटतो ?

निष्ठुर माणसाचें मन वळविण्याची आशा सुटली, म्हणजे मराठींत म्हणतात कीं, दगडाला कांहीं पाझर फुटत नाहीं. बोलणाराच्या मनांत त्या वेळीं सर्व दगड सारखेच असतात : कठीण, कोरडे आणि मुके. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकापुढें मात्र हेंच वाक्य उच्चारलें, तर तो आधीं विचारील, ‘कोणत्या दगडाला ?’ कारण असेहि दगड आहेत कीं, त्यांच्या अंगांत पंचमांशापर्यंत जागा पोकळ असून ती पाण्यानें भरून राहूं शकते. आणि असेहि आहेत कीं, वर्षानुवर्षें पाण्यांत पडून राहिले तरी त्यांच्या पोटांत ओलावा जवळजवळ शिरत नाहीं. हा भेद रंगावरून अथवा वजनावरून पुरता उमगत नाहीं. तो उमगतो दगडाच्या जन्मावरून. आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर हा केवळ जिज्ञासेचा प्रश्न नाहीं. श्रावणांत तुडुंब भरलेली विहीर चैत्रांत कां आटते, याचें निम्में उत्तर याच प्रश्नाच्या पोटांत आहे.

खडकांचे शास्त्रकारांनीं तीन मुख्य वर्ग केले आहेत. पृथ्वीच्या पोटांतील वितळलेला शिलारस थिजून झालेले ते अग्निजन्य. पाण्यानें, वाऱ्यानें अथवा बर्फानें वाहून आणलेला गाळ थरांवर थर साचून व दाबला जाऊन झालेले ते गाळाचे खडक. आणि उष्णतेनें व दाबानें ज्यांचें मूळचें रूप पालटलें ते रूपांतरित. पैकीं पहिल्या दोन कुळांतील एकेक प्रतिनिधि महाराष्ट्रांतच मिळतो. अग्निजन्य कुळाचा प्रतिनिधि म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला शास्त्रीय भाषेंत बेसाल्ट म्हणतात. राज्याची सुमारें चार पंचमांश भूमि त्यानेंच व्यापिली आहे. गाळाच्या कुळाचा प्रतिनिधि म्हणजे नागपूरजवळच्या कामठीपासून चंद्रपुरापर्यंतच्या मुलुखांत जमिनीवर डोकें काढणारा वाळूचा दगड, म्हणजे वालुकाश्म.

मुंबईहून आगगाडी बोरघाट चढूं लागली, म्हणजे खिडकींतून समोरच्या डोंगराकडे पाहावें. काळ्या कड्यांचे आडवे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात. दोन कड्यांमध्यें हिरव्या उताराची अरुंद पट्टी असते. जणूं एखाद्या राक्षसानें जिनाच बांधला आहे. या पायऱ्यांवरूनच युरोपीय संशोधकांनीं या खडकांना ‘ट्रॅप’ हें नांव दिलें. स्वीडिश भाषेंत ‘ट्रॅप्पा’ म्हणजे जिना. तिकडे चंद्रपुराकडे एखाद्या नाल्याच्या दरडींत वाळूचा दगड उघडा पडला असेल, तर त्यांतहि असेच थर दिसतात. नुसत्या डोळ्यांची साक्ष मानली, तर दोन्ही खडक एकाच रीतीनें, म्हणजे पाण्याच्या तळाशीं गाळ बसून झाले असावेत, असेंच कोणीहि म्हणेल.

आणि असें म्हणणारे लोक सामान्य नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील फ्रायबर्ग येथील खाणविद्येच्या विद्यालयांत अब्राहाम वेर्नेर नांवाचे विख्यात अध्यापक होते. बेसाल्टसुद्धां आदिसमुद्राच्या पाण्यांतूनच खालीं बसला, असें ते शिकवीत, आणि युरोपांतील किती तरी विद्वान् त्यांचे शिष्य होते. महाकवि गटे यांचाहि कल त्याच बाजूस होता. याच्या उलट फ्रान्समध्यें निकोला देमारे यांनीं १७६३ त ओव्हेर्न्य प्रांतांत हिंडतांना पाहिलें कीं, बेसाल्टच्या खांबांचा माग काढीत गेलें, तर तो विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडापाशीं जाऊन पोंचतो. स्कॉटलंडांत जेम्स हटन यांनींहि पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेचा पक्ष उचलून धरला. पाणीवाल्यांचें म्हणणें असें कीं, वितळलेला दगड थिजला तर त्याची कांच होईल. बेसाल्ट तर स्फटिकांचा बनलेला आहे, तेव्हां तो अग्नीपासून झालेला नाहीं.

हा आक्षेप बिनतोड वाटे. तो हटन यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनीं १७९८ त भट्टी पेटवून मोडून काढला. एडिंबरोच्या आसपासचा बेसाल्टच्या जातीचा दगड त्यांनीं भट्टींत वितळविला. तो रस झटकन् थंड केला, तेव्हां खरोखरच कांच झाली. परंतु तोच रस हळूहळू निवूं दिला, तेव्हां त्यांतून पुन्हा स्फटिकांचा, मूळच्यासारखा दगड तयार झाला. पाकाचीहि हीच गोष्ट आहे. साखरेचा कडक पाक एकदम गार केला तर तो कांचेसारखा पारदर्शक होतो; सावकाश निवूं दिला तर खडीसाखर बांधते. पदार्थ तोच, परंतु निवण्याच्या गतीनें त्याची घडण ठरते.

तेव्हां थर दिसले म्हणजे गाळच असावा, असें नाहीं. सह्याद्रीचा प्रत्येक थर म्हणजे एकेका वेळीं भूमींतून उसळून पसरलेल्या शिलारसाचा एकेक लोट आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून हा रस बाहेर पडला. त्याची उष्णता १,१०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास होती. तो पातळ असल्यामुळें त्याचा उंच शंकु न होतां तो दूरवर पसरला, थिजला, आणि कांहीं काळानें त्याच्यावर दुसरा लोट आला. आज उरलेला या खडकांचा विस्तार सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटाकडे त्यांची जाडी मोठी असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. कोयनेच्या परिसरांत अलीकडे शास्त्रीय अभ्यासासाठीं खोल छिद्रें घेण्यांत आलीं. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं एक किलोमीटरहून अधिक काळा खडक भेदल्यावर त्याच्याखालीं ग्रॅनाइटच्या कुळांतील अतिप्राचीन खडक लागला.

हे लोट ओळखण्याच्या खुणा आहेत. लोटाचा मधला भाग सावकाश निवल्यामुळें घट्ट असतो. माथ्याकडे वायूचे बुडबुडे निसटतां निसटतां अडकून राहतात, त्यामुळें तेथला दगड उकळी आलेल्या पिठल्यासारखा छिद्रमय होतो. पुढें त्या छिद्रांत पांढरीं, गुलाबी, हिरवट खनिजें भरतात. पुणें, नाशिक, जळगांव या भागांतील खाणींतून निघणारे झिओलाइटचे सुंदर गुच्छ जगांतील संग्रहालयांत मांडलेले आहेत, ते याच पोकळ्यांतून निघालेले. विहिरी खणणारे लोक या छिद्रमय खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन लोटांच्या मध्यें पुष्कळदां गेरूसारख्या तांबड्या मातीची पट्टी सांपडते. पहिला लोट थिजून त्याचा पृष्ठभाग झिजला, त्याची माती झाली, आणि मग वरून दुसरा तप्त लोट आला, याची ती साक्ष आहे. शिवाय निवतांना खडक आकसतो व त्याला उभ्या भेगा पडतात. कोठें कोठें त्या इतक्या नेमक्या पडतात कीं, खडकाचे पांच-सहा बाजूंचे खांब होतात. मुंबईंत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर असे उंच खांब आजहि उभे आहेत.

आतां वाळूच्या दगडाचा जन्म पाहावा. त्यासाठीं आणखी मागें, सुमारें तीस ते पंचवीस कोटि वर्षांपूर्वींच्या काळांत जावें लागतें. त्या वेळीं भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूखंड एकमेकांस जोडलेले होते. त्यांतील भारतीय खडकांना गोंडांच्या राज्यावरून ‘गोंडवन’ हें नांव मिळालें, आणि पुढें त्या सबंध महाभूखंडालाच जगानें गोंडवन म्हटलें. विदर्भाच्या शेजारचें एक नांव असें पृथ्वीच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. त्या काळाच्या आरंभीं येथें बर्फ होतें. चंद्रपूर जिल्ह्यांत इरई येथें हिमनदीनें घांसून ओरखडे पाडलेला जुना चुनखडक सांपडला आहे. बर्फ वितळल्यावर खचलेल्या लांब दऱ्यांतून नद्या वाहूं लागल्या. डोंगर झिजून त्यांची वाळू झाली, नद्यांनीं ती वाहून आणली, आणि मैदानांत वेग मंदावतांच टाकून दिली. वाळूवर वाळू, मध्यें कोठें दलदलींतील कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्यावर पुन्हा वाळू. वनस्पतींचा कोळसा झाला, तोच आज वर्धा खोऱ्यांतील खाणींतून निघतो. आणि वाळूचा दगड झाला.

वाळूचा दगड होतो तो कसा, हें समजणें महत्त्वाचें आहे, कारण दोन्ही खडकांच्या स्वभावांतील सारा फरक येथेंच आहे. वाळू वितळत नाहीं. वरच्या थरांच्या भारानें तिचे कण एकमेकांजवळ दाबले जातात, आणि त्यांच्या फटींतून शतकानुशतकें झिरपणाऱ्या पाण्यांतील चुना, सिलिका अथवा लोखंडाचा गंज त्या फटींत बसून कणांना सांधतो. लोखंडानें सांधलेला दगड तांबडा अथवा पिवळा होतो. कामठीच्या वाळूच्या दगडाला तो रंग आहे. म्हणजे बेसाल्टांत स्फटिक एकाच रसांतून एकत्र वाढलेले, एकमेकांत दांत रुतवून बसलेले. वाळूच्या दगडांत परक्या ठिकाणांहून आलेले कण एकमेकांस डिंकानें चिकटविल्यासारखे. एक कुटुंबांत जन्मलेल्या भावंडांचा जमाव, दुसरा धर्मशाळेंत जमलेल्या वाटसरूंचा.

हा फरक पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. दोन्ही दगडांचे ताजे फुटलेले तुकडे घेऊन साध्या भिंगाखालीं धरावे. बेसाल्ट काळसर करडा दिसेल. त्यांत फेल्डस्पारच्या बारीक लकाकत्या काड्या व पायरॉक्सिनचे काळे ठिपके यांची दाट वीण असेल, आणि दोन कणांमध्यें जागा दिसणार नाहीं. वाळूच्या दगडांत मात्र गारगोटीचे गोलसर, घांसलेले कण सुटे सुटे ओळखूं येतील. पाण्याचा थेंब टाकला, तर बेसाल्टच्या तुकड्यावर तो तसाच राहील. वाळूच्या सच्छिद्र दगडांत बघतां बघतां जिरेल.

घरांतील वस्तूंनींहि हा भेद पूर्वींच ओळखला होता. जातें, पाटा-वरवंटा, उखळ यांसाठीं देशावरच्या पाथरवटांनीं काळा फत्तर घेतला, तो केवळ जवळ सांपडला म्हणून नव्हे. दांत रुतवून बसलेले स्फटिक सहज सुटत नाहींत. म्हणून जातें वर्षानुवर्षें फिरतें आणि गुळगुळीत झालें म्हणजे त्याला नुसती टांकी लावली कीं पुरतें. वाळूच्या दगडाचा गुण उलटा. घांसतांना त्याचे कण एकेक करून निघतात, आणि त्यांच्या जागीं खालचे नवे तीक्ष्ण कण वर येतात. म्हणून सुरीला धार लावण्यास तो उत्तम, परंतु बारीक दळण दळावयाचें तर पिठांत कचकच येण्याचें भय.

इमारतींत व शिल्पांतहि हीच कथा आहे. मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीची इमारत १९१३ त पुरी झाली. तिच्यांत येथला काळा बेसाल्ट आहे, कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे, आणि काठियावाडांतील ध्रांगध्र्याहून आणलेला पांढुरका दगडहि आहे. पहिले दोन ज्वालामुखीच्या कुळांतील, तिसरा वाळूचा. भार पेलण्यास एक आणि नाजूक घडणावळीस दुसरा, अशी ही वाटणी बांधकाम करणारांना चांगली ठाऊक होती. शिल्पकारांचें धैर्य पाहावयाचें, तर वेरूळचें कैलास लेणें आणि बदामीचीं लेणीं मनांत शेजारीं ठेवावीं. बदामीच्या तांबूस वालुकाश्मांत सहाव्या शतकांतील कारागिरांनीं मूर्ति कोरल्या. तेथल्या भिंतींवर मूर्तींच्याहि आधींच्या रेघा दिसतात, त्या म्हणजे प्राचीन प्रवाहानें वाळू पसरली त्या वेळच्या तिरप्या थरांच्या रेषा. वेरूळास आठव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या कारागिरांनीं काळ्या पाषाणाचा सबंध डोंगर वरून खालीं कोरीत आणला. त्या दगडांत अशी एकहि तिरपी रेघ नाहीं, कारण तो कोणत्याहि प्रवाहानें कणाकणानें टाकलेला नाहीं.

मात्र एका बाबतींत वाळूचा दगड व त्याचे भाऊबंद फार श्रीमंत आहेत, आणि ती म्हणजे स्मृति. अकराशें अंश उष्णतेच्या रसांत कोणता जीव टिकणार ? गाळ मात्र प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष हळुवारपणें झांकून ठेवतो. कामठीच्या वाळूच्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सांपडतात; तेच ठसे दक्षिण गोलार्धांतील इतर खंडांतहि सांपडतात, आणि ते खंड एके काळीं जोडलेले होते याचा तो एक मोठा पुरावा ठरला. नागपुरास मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनीं नागपूरच्या परिसरांतील खडकांचें व अवशेषांचें वर्णन १८५५ त लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. नागपूरजवळ टाकळी येथें काळ्या खडकाच्या दोन लोटांमध्यें सांपडलेल्या पातळशा गाळांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख होते. म्हणजे दोन अग्निप्रलयांच्या मधल्या शांततेंत तेथें तळीं होतीं, आणि त्यांत जीवन नांदत होतें. मुंबईंत वरळीच्या टेकडींतहि लोटांच्या मध्यें अशाच गाळाची पट्टी आहे. तींतील चिमुकल्या बेडकाच्या अश्मीभूत सांगाड्याचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ त केलें. वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा येथें काळ्या खडकाच्या पायाखालच्या गाळांत डायनासोरांचीं हाडें आणि त्यांची अश्म बनलेली विष्ठाहि सांपडते. त्या विष्ठेंत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याचें २००५ त प्रसिद्ध झालें. डायनासोर गवत खात असत, ही गोष्ट जगाला कळली ती विदर्भांतील गाळानें जपून ठेवली म्हणून.

तरी बेसाल्टला स्मृति अगदींच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याची स्मृति निराळ्या जातीची आहे. शिलारस निवतांना त्यांतील लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेस धरून स्थिर होतात. होकायंत्राची सुई जणूं त्या क्षणीं दगडांत चिणली जाते. १९५० नंतरच्या दशकांत दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजली गेली, तेव्हां दिसून आलें कीं, हे लोट थिजले त्या वेळीं हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें तीस अंशांच्या आसपास होता. दुसरी स्मृति काळाची. वितळलेल्या रसांतून आर्गॉन वायु निघून जातो; दगड थिजला कीं त्यांतील किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून नवा आर्गॉन सांचूं लागतो, आणि तो मोजून दगडाचें वय सांगतां येतें. वाळूच्या दगडावर ही युक्ति सरळ चालत नाहीं. त्याच्या कणांचें घड्याळ, ते ज्या जुन्या डोंगरांत जन्मले, तेथेंच सुरू झालेलें असतें. त्यामुळें कणांचें वय कळलें तरी तें गाळ बसल्याच्या काळाचें वय नसतें. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही साक्षीदार एकत्र बोलावतात : कोण जगत होतें हें गाळाला विचारावें, आणि केव्हां, हें अग्नीला.

आतां पाण्याकडे वळावें. वाळूच्या दगडांत कणांच्या मधल्या जागा पूर्ण भरलेल्या नसतील, तर शेंकडा १० ते २५ पर्यंत पोकळी राहते, आणि त्या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असतात. सिलिकेनें गच्च सांधलेला जुना वालुकाश्म याला अपवाद आहे. तो बेसाल्टसारखाच घट्ट असूं शकतो. परंतु सच्छिद्र वालुकाश्म म्हणजे जमिनीखालीं ठेवलेला प्रचंड स्पंजच होय. घट्ट बेसाल्टांत पोकळी शेंकडा एकाहूनहि कमी. मांजऱ्यांत छिद्रें दिसतात खरीं, परंतु तीं बहुधा सुटी सुटी व खनिजांनीं बुजलेलीं असतात. मग काळ्या खडकांत पाणी राहतें कोठें ? तें राहतें वरच्या झिजलेल्या मुरुमांत, उभ्या-आडव्या भेगांत, आणि दोन लोटांच्या सांध्यांत. हें सारें कोठार मुख्यत्वें वरच्या पंधरा-वीस मीटरांतच असतें, आणि झिजलेल्या बेसाल्टमधून विहिरीला मिळूं शकणारें पाणी त्या खडकाच्या आकारमानाच्या शेंकडा एक ते तीन इतकेंच भरतें.

या आंकड्याचा अर्थ एका हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, पावसाळ्यांत जमिनींत ६० मिलिमीटर पाणी मुरलें. ज्या वालुकाश्माची पाणी देण्याची शक्ति शेंकडा १५ आहे, त्यांत या पाण्यानें भूजलाची पातळी ४० सेंटिमीटर वर येईल. ज्या बेसाल्टांत ती शेंकडा २ आहे, त्यांत तेंच पाणी पातळी ३ मीटरांनीं वर आणील. पाहणारास वाटेल कीं, काळ्या खडकांतील विहीर फार उदार आहे. एका पावसांत केवढी भरली! परंतु ज्या कारणानें ती लवकर भरते, त्याच कारणानें ती लवकर रितीहि होते. तोंडापर्यंत भरलेली वाटी आणि तळाशीं दोन बोटें पाणी असलेला हंडा यांत पाणी अधिक कोठें आहे, हें नुसत्या पातळीवरून ठरत नाहीं. भाद्रपदांतील भरलेल्या विहिरीकडे पाहून उसासारख्या तहानलेल्या पिकाचा बेत करणारा शेतकरी पुष्कळदां येथेंच फसतो; आणि त्याची फसवणूक कोणा माणसानें केलेली नसून खडकाचा स्वभाव न ओळखल्यानें झालेली असते.

हाच स्वभाव ओळखून पूर्वजांनीं त्याचा उपयोगहि करून घेतला. ज्या घट्टपणामुळें विहीर उपाशी राहते, त्याच घट्टपणामुळें खडकांत खोदलेलें टाकें गळत नाहीं. कान्हेरीच्या भिक्षूंनीं डोंगरांत पाण्याचीं टाकीं कोरलीं. तेथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलें आहे. सह्याद्रीच्या बहुतेक गडांवर अशीं टाकीं आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर गडावर झरा आहे एवढ्यावर विसंबून न राहतां टाकीं बांधावीं, असा स्पष्ट उपदेश आहे. लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात, असें कारणहि तेथें दिलें आहे. भेगेंतून येणारें पाणी बेभरंवशाचें, आणि अखंड पाषाणांत सांठविलेलें पाणी भरंवशाचें, हा अनुभव त्या उपदेशाच्या मुळाशीं आहे.

१९७२-७३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रांत खोल नळविहिरी खोदण्याचा वेग वाढला. वालुकाश्मांत खोल गेलें तर सच्छिद्र थराची जाडी अधिक मिळण्याचा संभव असतो. बेसाल्टांत मात्र वरचा झिजलेला पट्टा संपला, कीं पुढें जाणाराला एखादी भेग अथवा लोटांचा सांधा लागेल तरच पाणी. आणि तें लागलें, तरी तें बहुधा त्याच भेगेवर जगणाऱ्या शेजारच्या विहिरींचें पाणी असतें. अधिक खोल जाऊन येथें नवा सांठा निर्माण होत नाहीं; असलेल्या लहान सांठ्यावर एक वांटेकरी वाढतो. म्हणून काळ्या खडकाच्या प्रदेशांत उपाय खोलींत नसून पृष्ठभागावर आहे : उतारांवर समपातळींत चर खणणें, नाल्यांना बांध घालणें, पाझर तलाव करणें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे किती पाणी मुरलें तें मोजून मग पिकें ठरविणें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें हाच मार्ग धरला. गांवकऱ्यांनीं शेतीसाठीं नळविहिरी न खोदण्याचें ठरविलें, उसाला आळा घातला, आणि दरवर्षीं पावसाच्या मानानें पाण्याचा जमाखर्च मांडून पिकांची निवड करण्याची पद्धत घातली. वाटी लहान आहे हें त्यांनीं मान्य केलें, आणि ती वर्षभर पुरविली.

घाटांतून पायीं जाणाराला जानेवारी-फेब्रुवारींतहि एखाद्या कड्याच्या पायथ्याशीं पाण्याची बारीक धार दिसते. तेथें जरा थांबून पाहिलें, तर पुष्कळदां आढळेल कीं, धारेच्या लगत खालीं तांबड्या गेरूची पट्टी आहे आणि वर भेगाळलेला काळा लोट आहे. वरून भेगांतून उतरलेलें पाणी त्या चिकण पट्टीवर अडतें आणि आडवें वाहत कड्याच्या तोंडाशीं येतें. वालुकाश्माचा पाझर त्याच्या सर्वांगांतून येतो; काळ्या पाषाणाचा पाझर दोन लोटांच्या सांध्यांतून येतो. विहिरीची जागा ठरविणारानें, गांवच्या पाण्याचा बेत करणारानें आणि शहरांत बसून गांवच्या दुष्काळाची बातमी वाचणारानेंहि एवढा भेद ध्यानांत ठेवला, तर दगडाला दोष देण्याची वेळ पुष्कळ कमी येईल.